नणंदेला उनाव्याला न्यायचं म्हणतात. दीन (आपला धर्म) काय सांगतो?

दापोलीची सून:
नणंदेची डिलिव्हरी होऊन वीस दिवस झालेत. गेले आठ दिवस धड झोप नाही. रात्री ओटीवर येऊन बसते, कोणाशी तरी बोलते. बाळ जवळ दिलं तर "हे माझं नाही" म्हणते. सासूबाईंनी आमिल (जिन्न उतरवणारा) बोलावला. त्याने लोबानचा धूर तोंडावर धरला, केस ओढले, "बोल, कुठून आलास?" म्हणून दरडावलं. ती किंचाळली, तर म्हणे जिन्न बोलला. पैसे घेतले, वर काळी कोंबडी मागितली, जिन्नाच्या नावाने कापायला. (ती अजून आमच्या परड्यात फिरतेय.)

आता गुजरातेत उनाव्याला मीरा दातारच्या दर्ग्यात चाळीस दिवस ठेवायचं ठरतंय. मिस्टर म्हणतात हे शिर्क, म्हणजे अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्याला मानणं. सासूबाई म्हणतात, मग कुरआनात जिन्न नाहीत का? मी बोलायचं काय?

मदरशातला:
भाभी, सासूबाई तेवढ्यापुरत्या बरोबर आहेत. 72 वा सूरा जिन्नांच्याच नावाचा आहे. पण जिन्न असणं वेगळं आणि तुमच्या नणंदेत शिरलाय हे त्या आमिलाला कळणं वेगळं. अंगात शिरण्यावर जुन्या आलिमांचंही (धर्मपंडितांचंही) एकमत नव्हतं. इब्न तैमियांसारखे आलिम मानत, मुअतझिला हा तर्कवादी पंथ नाकारत असे. तावीज म्हणाल तर अहले हदीस पंथाचे नको म्हणतात, देवबंदी पंथाचे बरेच जण आयतींचा चालवून घेतात. रुकयाला, म्हणजे आयती वाचून फुंकर घालण्याला, मात्र सहीह मुस्लिम या हदीसच्या ग्रंथात मुभा आहे, अट एकच, त्यात शिर्क नको. फातिहा, आयतुल कुर्सी, फलक, नास वाचून दम तुम्ही घरीच करू शकता, फुकट. जिन्नाच्या नावाने कोंबडी कुणीच हलाल म्हणणार नाही.

सासूबाईंना बुखारी या हदीसच्या ग्रंथातली ती बाई सांगा. तिला फेफरं यायचं, अंगावरचे कपडे सरकायचे. हुजूर पैगंबर (स.अ.) म्हणाले, सब्र केलंस तर जन्नत, नाहीतर बरी व्हायची दुआ करतो. तिने सब्र निवडलं, फक्त उघडी पडू नये एवढी दुआ मागितली. केस ओढले नाहीत की कुणाला दरडावलं नाही.

खालाचा भाचा:
मी खालाला (मावशीला) घेऊन उनाव्याला राहिलोय. हाजरीच्या, म्हणजे अंगात येण्याच्या वेळी बाया केस मोकळे सोडून घुमतात, पहिल्यांदा बघणारा घाबरतोच. खोटं का बोलू, खालाला तिथे हलकं वाटलं. घरी तिने आवाज चढवला तर सगळे गप्प कर म्हणायचे, तिथे ओरडायची मुभा होती. पण झोप आली ती गोळीने. 2008 पासून तिथे ‘दवा आणि दुआ’ चालतं, मुजावरच (दर्ग्याचे सेवेकरी) मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पाठवतात. कुठेही न्या, बांधू देऊ नका. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 2001 मध्ये साखळीने बांधलेले 28 रुग्ण आगीत गेले.

वॉर्डातली सिस्टर:
उनावा नंतर. आज डॉक्टर. बाळंतिणीची झोप उडणं, स्वतःशी बोलणं, बाळ परकं वाटणं हे प्रसूतीनंतरच्या सायकोसिसचं लक्षण असू शकतं, यात एक दिवसही थांबत नाहीत. औषधाने बाया बऱ्या होतात. तोवर तिला बाळाजवळ एकटी सोडू नका. रात्री काही झालं तर सरळ सिव्हिलला न्या, बोलायला 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे. आणि आमिल पुन्हा आला तर त्याला 2013 च्या जादूटोणा विरोधी कायद्याचं नाव ऐकवा.

दापोलीची सून:
सायकोसिस वगैरे मी सासूबाईंना वाचून दाखवलं नाही. बुखारीतल्या बाईचं दाखवलं. बराच वेळ गप्प बसल्या. मग नणंदेच्या कपाळावर हात ठेवून आयतुल कुर्सी वाचली, आणि मला म्हणाल्या, रिक्षा बोलाव, बाळाचं दूध बाटलीत भर.