ऑपरेशननंतरची शी-शू डायरी

ऑपरेशन झालं म्हणजे आता सुटलो ना, असं तुम्ही विचारलंय. आमच्या लेकालाही तुमच्या बाळासारखा हिर्शस्प्रुंग, म्हणजे आतड्याचा जन्मजात आजारच होता, म्हणून लिहिते. साधारण ५००० बाळांत एकाला होतो. आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जातंतूंच्या पेशीच नसतात, तो तुकडा आवळलेला राहतो आणि शी पुढे सरकत नाही. जन्मून ४८ तास उलटले तरी आमच्या लेकाची पहिली काळी शी झाली नव्हती, आणि सगळे म्हणत होते, "होईल हो!" शेवटी बायोप्सीत कळलं.

तो तुकडा काढून वरचं चांगलं आतडं खाली ओढून जोडलं. पण खरी परीक्षा घरी आल्यावर. दिवसाला दहा-बारा वेळा पातळ शी, बूड लालभडक. वाइप्स बंद केले. कोमट पाण्याने धुवायचं, मऊ कापडाने टिपायचं, झिंक ऑक्साइडचा जाड थर द्यायचा. पुढच्या वेळी तो खरवडायचा नाही, वरचा घाण झालेला भाग तेवढा काढायचा. हे कळेपर्यंत मी बिचाऱ्याला उगाच रडवलं.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा. पोट टम्म फुगलंय, ताप आहे, बाळ मलूल आहे, घाण वासाची शी फवाऱ्यासारखी येतेय, तर सकाळची वाट बघू नका. आतड्याला सूज आलेली असू शकते, ऑपरेशननंतरही येते, आणि ती जिवावर बेतू शकते. आम्ही एकदा रात्री दोनला पळालो होतो. ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरला आजाराचं नाव स्पेलिंगसकट सांगावं लागलं. तेव्हापासून डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स डायपरच्या पिशवीतच असते.