६१ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि धापा टाकणारा लॅपटॉप: आधी काय बदलू?

सई_कर्वेनगर

नमस्कार मंडळी,

माझी वहिनी पैठणी, इरकल आणि खणाच्या साड्या ऑनलाइन विकते. फोटो मी काढते. हल्ली गिऱ्हाइकं फोटो बोटांनी मोठा करून काठाची वीण बघतात, जर कशी दिसते ते बघतात आणि मगच फोन करतात. म्हणून धाडस करून सेकंड हँड सोनी ए७आर ४ घेतला, ६१ मेगापिक्सेलचा. काठाचे फोटो बघून वहिनी खूश आहे.

लॅपटॉप मात्र धापा टाकतोय. सहा वर्षं जुना आहे, ८ जीबी रॅम, २५६ जीबीचा एसएसडी (तो जवळजवळ भरलाय), फोटो सगळे बाहेरच्या हार्ड डिस्कवर. लाइटरूममध्ये (फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर) फोटो उघडला की आधी धुरकट दिसतो, पंखा घरघरायला लागतो, आणि मग केव्हातरी स्पष्ट होतो. अख्खी साडी दाखवायला तीन फोटो फोटोशॉपमध्ये जोडते, तेव्हा तर रॅम अपुरी आहे असा निरोप येतो आणि काम तिथेच थांबतं.

दुकानदार म्हणतो, आय-९ आणि मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला गेमिंग लॅपटॉप घ्या. तो दीड लाखाच्या पुढे जातो. माझं बजेट ताणून साठ हजार. नवरा म्हणतो, कॅमेरा विकून टाक. दोघांचंही न ऐकता काही होईल का? जाणकारांनी सांगावं.

---

टिळकरोडी

साड्यांना ६१ मेगापिक्सेल कशाला? जेपेगमध्ये काढा, २००० पिक्सेलचा करून टाका, विषय संपला. आम्ही १२ मेगापिक्सेलवर अख्खी लग्नं काढली, अल्बम छापले. त्यातली बरीचशी जोडपी अजून एकत्र आहेत.

---

भोसरीचा_फोटोवाला

टिळकरोडी, लग्नाच्या अल्बमला १२ पुरतात, मान्य. जरीच्या काठाला पुरत नाहीत. त्याचं कारण पुढे येईल.

सईताई, तुम्ही आज जे भोगताय ते आम्ही २००३ मध्ये भोगलंय, म्हणून जरा लांबण लावतो. घाई असेल तर शेवटचे परिच्छेद वाचा.

मी कारखान्यांचे फोटो काढायचो. भोसरी, चिंचवड, चाकण. गिअर, कास्टिंग, व्हॉल्व्ह, पंप. कॅटलॉगसाठी मामिया आरबी ६७ या फिल्मच्या कॅमेऱ्यावर स्लाइड फिल्म, मग ती लॅबला, मग ड्रम स्कॅन, मग छापखाना. निकॉनचा डी१ १९९९ मध्ये आला होता, पण तो पावणेतीन मेगापिक्सेलचा. वर्तमानपत्राला झकास, पानभर छापायच्या गिअरच्या दातांना अपुरा. २००२ च्या शेवटाला कॅननचा वन-डीएस आला. ११ मेगापिक्सेल, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा सेन्सर, आणि किंमत ७,९९९ डॉलर. डॉलर तेव्हा ४८ च्या आसपास होता, वर ड्यूटी. घरी आकडा सांगायची सोय नव्हती. मी आणि भागीदाराने कर्ज काढून घेतला, कारण त्याची फाइल ४०६४ बाय २७०४ ची होती आणि ए४ पान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) भरायला ३५०८ बाय २४८० लागतात. म्हणजे फिल्म, लॅब आणि ड्रम स्कॅन एका फटक्यात बाद.

बाद झाले ते खर्च. काम कुठे जाणार? लॅबवाला आणि स्कॅनरवाला जे करायचे ते सगळं आमच्या टेबलावर येऊन पडलं, आणि टेबलावर होता एक पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम, ४० जीबीची एकच डिस्क.

पहिली अडचण तर फोटो उघडण्याआधीचीच. मायक्रोड्राइव्ह म्हणून कार्डाच्या आकाराची चिमुकली हार्ड डिस्क मिळायची, १ जीबीची. आमचा कार्ड रीडर यूएसबी १.१ चा, म्हणजे कागदावर सेकंदाला १२ मेगाबिट आणि प्रत्यक्षात जेमतेम १ एमबी. कार्ड रिकामं व्हायला वीस मिनिटं. कारखान्यातून यायचं, रीडर लावायचा आणि खाली चहाला जायचं. मग पीसीआय स्लॉटमध्ये यूएसबी २ चं काही शे रुपयांचं कार्ड बसवलं. त्या काळात केलेल्या सगळ्या खर्चांत एवढा वसूल झालेला दुसरा खर्च मला आठवत नाही.

आता मूळ भानगड, जी तुमच्याकडेही तीच आहे. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल एकच रंग मोजतो. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी १९७६ मध्ये पेटंट घेतलेली जाळी: अर्धे पिक्सेल हिरवे, पाव लाल, पाव निळे. प्रत्येक ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलवरून कॉम्प्युटर अंदाजाने काढतो. म्हणजे रॉ फाइलमध्ये (सेन्सरने मोजलेलं जसंच्या तसं) ११ दशलक्ष आकडे, आणि उघडली की ३३ दशलक्ष. १६ बिटमध्ये प्रत्येक आकड्याला दोन बाइट, झाले ६६ एमबी. डिस्कवर ११ एमबीची दिसणारी फाइल मेमरीत सहापट फुगते. एक लेअर, म्हणजे फोटोवर दुसरा थर, वाढवला की दुप्पट, आणि मागच्या पायऱ्या लक्षात ठेवायला फोटोशॉपला आणखी जागा हवीच.

५१२ एमबीत विंडोज एक्सपी, फोटोशॉप आणि हे सगळं मावायचं नाही. उरलेलं फोटोशॉप डिस्कवर टाकतं, त्याला स्क्रॅच डिस्क म्हणतात. आमची डिस्क एकच, त्यामुळे विंडोजची पेज फाइल (रॅममध्ये न मावलेलं विंडोज जिथे टाकतं ती), फोटोशॉपचं स्क्रॅच आणि मूळ फोटो हे तिन्ही तिच्याच मानेवर. लाल दिवा लागायचा तो विझायचाच नाही, आणि प्रोसेसर मात्र मोकळा बसलेला. तेव्हाही एक दुकानदार आम्हाला आणखी महागडा प्रोसेसर खपवत होता. त्याऐवजी रॅम वाढवली आणि स्क्रॅचसाठी वेगळ्या केबलवर दुसरी डिस्क लावली. तोच पेंटियम पुढे तीन-चार वर्षं चालला.

रॅमलाही एक छत होतं. ३२ बिटच्या विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमला साधारण २ जीबीच मिळायची, मशीनमध्ये कितीही कोंबा. फोटोशॉप विंडोजवर ६४ बिट झालं ते २००८ च्या सीएस४ मध्ये. मॅकवाल्यांना २०१० च्या सीएस५ पर्यंत थांबावं लागलं, याचा आमच्यातल्या काहींना गरजेपेक्षा जास्त आनंद झाला होता.

रॉ फाइलींचं रूपांतर रात्री लावून ठेवायचो. गुरुवारी देखभालीसाठी वीज जायची, मग भारनियमनही आलं, त्यामुळे यूपीएस हा कॅमेऱ्याचाच एक भाग होऊन बसला. सीडीवर बॅकअप घ्यायचो, ७०० एमबीत साठेक फोटो. त्यातल्या काही सीडी आज वाचता येत नाहीत. तुम्ही दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा.

आता तुमचा हिशोब. ६१ गुणिले ३ गुणिले २, म्हणजे ३६६ एमबी, एका फोटोला, एकच लेअर धरून. तीन फोटो जोडायला घेतले की सुरुवातच १.१ जीबीपासून, कारण तिन्ही वेगवेगळ्या लेअरवर येतात आणि मग त्यांची जुळवणी सुरू होते. ८ जीबीतली निम्मी विंडोज आणि ब्राउझर खातात. एसएसडी भरलेला, म्हणजे स्क्रॅचलाही जागा नाही. रॅम अपुरी पडणारच.

टिळकरोडींचं जेपेग इथे फारसं वाचवत नाही. जेपेग डिस्कवर लहान असतो, पण उघडला की ६१ गुणिले ३, म्हणजे १८३ एमबी, कारण तो ८ बिटचा, आकड्याला एकच बाइट. निम्मं झालं इतकंच. आणि पिक्सेल कमी केले तर जरीचं काय होतं ते सांगतो. आमच्या एका मित्राने त्या काळात लक्ष्मी रोडवरच्या एका दुकानासाठी साड्यांचे फोटो काढले होते. जरीचे धागे आणि पिक्सेल यांची अंतरं जवळजवळ सारखी आली, की रंगाचा अंदाज बांधणारं गणित फसतं. सोनेरी काठावर हिरव्या-जांभळ्या लाटा उमटतात, त्याला मॉयरे म्हणतात. एकेक काठ हाताने साफ करताना त्याचे डोळे गेले. पिक्सेल जितके बारीक तितकी ही अडचण आणखी बारीक विणीकडे सरकते, म्हणून तुमचे ६१ वाया गेलेले नाहीत. तरी तुमच्या कॅमेऱ्यात मॉयरे रोखणारं लो-पास फिल्टर नाही, त्यामुळे कधीतरी लाटा दिसतीलच. दिसल्या तर कॅमेरा थोडा पुढेमागे घ्या, किंवा लेन्सचं छिद्र एफ/१६ पर्यंत लहान करा. फोटो किंचित मऊ होतो आणि लाटा बसतात.

पैसे न घालता आजच करायचं ते असं. अख्ख्या साडीच्या फोटोला ६१ मेगापिक्सेल नकोत, ते काठाला हवेत. जोडायचे तीन फोटो लाइटरूममधून लांब बाजू ४७५२ पिक्सेल करून एक्स्पोर्ट करा (पूर्ण फाइलची ९५०४ आहे). लांबी निम्मी म्हणजे पिक्सेल पावपट, आणि मेमरीही पावपट. दुसरं, लाइटरूममध्ये फोटो घेतानाच स्मार्ट प्रिव्ह्यू (फोटोंच्या लहान प्रती) बनवायला लावा आणि प्रेफरन्समध्ये एडिटिंगला मूळ फाइलऐवजी तेच वापरायला सांगा. ते २५६० पिक्सेलचे असतात, जुन्या मशीनलाही झेपतात. कॅमेऱ्यात अनकॉम्प्रेस्ड रॉ चालू असेल तर कॉम्प्रेस्ड करा, फाइल साधारण १२२ एमबीवरून निम्मी होईल.

आणि दुकानात पाऊल टाकण्याआधी एक करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, तीन फोटो जोडायला लावा आणि बघत बसा. मेमरी, डिस्क, प्रोसेसर, ग्राफिक्स यांतलं कोण शंभराला जाऊन टेकतं ते इथे लिहा. मग बोलू.

---

आकाशदर्शी

काका, मस्त प्रतिसाद. अवांतर: खगोलशास्त्राचे कॅमेरे बहुधा कृष्णधवल असतात. पुढे एकेक रंगाचं फिल्टर लावून वेगवेगळे फोटो घेतात, म्हणजे रंगाचा अंदाज बांधायची भानगडच नाही. तेजोमेघ पोज देऊन तासन्‌तास थांबतो, म्हणून हे परवडतं. वहिनीची साडी पण हलत नाही म्हणा.

सई, ग्राफिक्स कार्डाबद्दल एक भर. लाइटरूमचं एआय डीनॉइज (फोटोतले दाणे काढणारं) वापरणार असाल तर कार्डाने जमीन-अस्मानाचा फरक पडतो. तुम्ही ट्रायपॉड आणि लाइट लावून आयएसओ १०० ला, म्हणजे दाणे येतच नाहीत अशा सेटिंगला, काढत असाल, तर ते वापरायची वेळच येत नाही.

---

सई_कर्वेनगर

काका, तुम्ही सांगितलं तसं करून बघितलं. मेमरी ९६ टक्के. बाहेरची हार्ड डिस्क पूर्ण १००, आणि तिथून हलायला तयार नाही. प्रोसेसर तिशीच्या आसपास लोळतोय. ग्राफिक्स जवळजवळ शून्य. दुकानदाराला हे दाखवलं, तर म्हणाला, "मॅडम, तरी पण फ्यूचर प्रूफ."

४७५२ वाला उपाय केला आणि तिन्ही फोटो जोडले गेले! वहिनीला आणि वेबसाइटवर बघणाऱ्या कुणालाही फरक कळला नाही.

भाच्याने मागचं झाकण उघडलं. रॅमचा एक स्लॉट रिकामा आहे. दोन प्रश्न: किती टाकू? आणि १६ बिट खरंच लागतं का? वांगी आणि राणी रंगाच्या साड्या सावलीत पट्टेपट्टे दिसतात कधीकधी, म्हणून विचारते.

---

टिळकरोडी

जेपेगमध्येही पावपट झालं असतं. असो.

---

भोसरीचा_फोटोवाला

झालं असतं. पण वांगी रंग हातचा गेला असता.

सईताई, ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, तुमच्या कॅमेऱ्याच्या १४ बिट रॉमध्ये १६,३८४. गडद वांगी रंगाची सावली उजळायला गेलात की ८ बिटमधल्या तळाच्या मोजक्या पायऱ्या ताणल्या जातात, तेच तुमचे पट्टे. म्हणून उजेड, सावली, व्हाइट बॅलन्स हे सगळं रॉवरच, लाइटरूममध्ये उरकून घ्या. नंतर जोडायला ८ बिटमध्ये नेलं तरी वेबसाइटसाठी चालतं, मेमरी पुन्हा निम्मी. त्यातूनही एखादी साडी फोटोशॉपमध्ये फार उजळावी लागली, तर तेवढी १६ बिटमध्ये ठेवा.

रिकाम्या स्लॉटमध्ये १६ ची टाका, एकूण २४ होतील. जोडी सारखी नसली की वेग किंचित कमी मिळतो, तुम्हाला जाणवणार नाही. आधीच्या पट्टीचा फोटो काढून घेऊन जा, डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते त्यावर लिहिलेलं असतं. दुसरा खर्च बाहेरच्या एसएसडीचा, १ टीबीचा, यूएसबी ३ च्या पोर्टात लावायचा (पोर्टात निळी पट्टी असते बहुधा). चालू काम, लाइटरूमचा कॅटलॉग आणि फोटोशॉपचं स्क्रॅच त्यावर. हार्ड डिस्कवर फक्त संपलेलं काम. हे सगळं मिळून साठ हजारांच्या बरंच आत बसेल.

उरलेल्या पैशांत रंग बरे दाखवणारा मॉनिटर आणि तो कॅलिब्रेट करायचं, म्हणजे त्याचे रंग अचूक जुळवायचं, यंत्र बघा. राणी रंग लॅपटॉपवर एक आणि गिऱ्हाइकाच्या हातात दुसरा निघाला की साडी परत येते, आणि येण्या-जाण्याचं कुरिअर वहिनीच्या खिशातून जातं. यंत्र विकत घ्यायला महाग वाटलं तर माझ्याकडे आहे, भोसरीला येऊन घेऊन जा. रविवार सोडून कधीही.