पगार पुण्याचा, मुक्काम सांगलीचा: याला परत येणं म्हणायचं का?

गावभागकर: सांगलीच्या वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजमधून पास झालो आणि आमच्या निम्म्या वर्गानं पुणं गाठलं. आता चाळिशीत सगळ्यांना कृष्णेचा घाट आठवायला लागलाय. घरून काम चालतंय म्हणून काहीजण परतलेही. विश्रामबागेत फ्लॅट, सकाळी आमराईत चक्कर, संध्याकाळी भडंग. कंपनीनं ऑफिसला बोलावलं की पुन्हा बॅगा भरायच्या. माझं मत स्पष्ट आहे: इथं काही उभं करणार असाल तरच या. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावावर माल विकायला आपली किती पोरं पुढं आली?

अडत_अप्पा: काय बोलायलाय राव! हळदीत पडा म्हणणं सोपं आहे. एकदा हळदीच्या सौद्याला, म्हणजे लिलावाला उभे राहा. पूर्वी भाव पडला की माल हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात ठेवायचा आणि गप्प बसायचं. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, आता गोदामाचं भाडं भरतोय. मंदीत घर चाललं ते पोराच्या पुण्याच्या पगारावर. तो तिथंच बरा.

मारुती_चौक: अप्पा, पैसे ऑनलाइन येतात, माणूस येत नाही. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५. गल्लीत सगळी म्हातारी माणसं, आणि पोरं व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतायत, "किती फूट झालं?" फ्रिज माळ्यावर चढवायला मी आणि दूधवाला. २०२१ ला परत तेच. त्यामुळे पगार कुठला का असेना, येणाऱ्याला या म्हणा.

सोलापूरची_लेक: "आपण" परत जाऊ असं नवरा म्हणतो आणि नोकरी सुटते बायकोची. त्याची कंपनी घरून काम देते, माझी शाळा कशी देईल? सांगली त्याचं गाव, मी तिथं फक्त गणपतीत जाणार. सासूबाईंना मिरजेत चांगले डॉक्टर आहेत, मान्य. पण दवाखान्यात डबा घेऊन कोण जाणार, हे कुणी लिहिलंच नाही. गावभागकर, तुम्ही स्वतः कुठं राहता?

गावभागकर: पुण्यात, हडपसरला. म्हणून तर म्हणतोय ताई, सांगलीतलं काम मिळाल्याशिवाय येणार नाही. दोघांनाही मिळालं पाहिजे, हा तुमचा मुद्दा त्यात धरा. मारुती चौक, पूर आठवड्यात ओसरतो, त्यानंतरचं वर्षभर काय करायचं?

मारुती_चौक: चिखल काढायचा. पंचनाम्याला रांगेत उभं राहायचं. भरपूर काम आहे.

अडत_अप्पा: काम पाहिजे म्हणताय तर सांगतो. आमच्याकडं हिशेबाला आणि एक्सपोर्टच्या कागदांना शिकलेला माणूस पाहिजे. पगार तुमच्या निम्मा असेल. येताय?

गावभागकर: निम्म्या पगारात हडपसरचा हप्ता निघत नाही, अप्पा.

अडत_अप्पा: मग फ्लॅट विका की.