‘प्रवाह बंद करा’ वाचून त्याने मेन स्विचला हात घातला : फ्लो, वॉल, झडप

ऐरोलीकर
रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यासाठी मास फ्लो कंट्रोलरच्या (ठरवला तेवढाच गॅस सोडणाऱ्या यंत्राच्या) सूचना मराठीत करते आहे. मी ‘वस्तुमान प्रवाह नियंत्रक’ लिहिलं होतं आणि खाली सूचना दिली होती : ‘गळती जाणवल्यास प्रथम प्रवाह बंद करा.’ मसुदा एका ऑपरेटरला वाचायला दिला. त्याने वाचला आणि थेट भिंतीवरच्या मेन स्विचकडे गेला. त्याच्या लेखी प्रवाह म्हणजे करंट. गॅस जोडलेला नव्हता म्हणून काही झालं नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. शाळेत आपण सगळेच ‘विद्युतप्रवाह’ शिकलो, मग तो चुकला असं कोणत्या तोंडाने म्हणू? ‘नियंत्रक’ वाचून त्याने विचारलं, “हे साहेब कोण?” परीक्षा नियंत्रक असतात, तसं त्याला वाटलं. फ्लो, कंट्रोलर, व्हॉल्व्ह, तिन्ही शब्द अडलेत. शुक्रवारी छपाईला द्यायचंय.

शब्दवेल्हाळ
‘प्रवाह’ सोडू नका. नदीचा, विजेचा, विचारांचा, सगळ्यांचा प्रवाहच असतो. ‘वायुप्रवाह’ लिहा, घोटाळा संपला. लोकांना कळत नाही म्हणून शब्द टाकत गेलो तर एक दिवस टाकायलाही काही उरणार नाही. सावरकरांनी ‘महापौर’ शब्द दिला तेव्हा तो तरी कुणाच्या तोंडात होता? आज ठाणे पालिकेत दुसरा शब्द कुणाला सुचत नाही.

वागळे इस्टेट
फिटर म्हणून ३४ वर्षं काढली. महापौर चुकीचा समजला तर कुणाचा हात भाजत नाही, इथे भाजतो. आम्ही ‘वॉल’ म्हणतो. व्हॉल्व्ह नाही, वॉल. आणि ‘झडप’ कुणी सुचवायच्या आधीच सांगतो, ती सगळीकडे चालणार नाही. माझ्या आजोळी कोकणात खिडकीच्या फळीला झडप म्हणायचे. बिजागरीवर हलते, आपटते, मिटते, ती झडप. पाणी उलटं येऊ नये म्हणून बसवतात त्या नॉन रिटर्नमध्ये अशी फळी असते, त्याला खुशाल झडप म्हणा. हृदयातली झडपही तेच काम करते, रक्त मागे येऊ देत नाही. पण बॉल वॉलमध्ये भोक पाडलेला गोळा फिरतो. नीडल वॉलमध्ये सुई आत-बाहेर सरकते. तिथे झडपतंय काय?

शब्दवेल्हाळ
काका, खिडकीचं उदाहरण पटलं. पण शब्दाचा अर्थ वाढतोच की. ‘तेल’ तिळाचं होतं, आज खोबऱ्याचंही तेलच.

वागळे इस्टेट
वाढू दे ना. पण नव्या पोराला मी तीन वॉल दाखवून तिन्हीला झडप म्हणालो, तर तो बॉल वॉल अर्धा उघडून गॅस कमी-जास्त करायला बघणार. तो पूर्ण उघडायचा नाहीतर पूर्ण बंद करायचा. अर्धवट ठेवला की सीट, म्हणजे गोळा टेकतो ती जागा, झिजते आणि मग गळतो. बारीक सोडायचं काम सुईचं. नावातच काम कळलं पाहिजे.

घणसोलीकर
इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. ताई, ‘वस्तुमान’ मात्र काढू नका, सगळी गोम तिथे आहे. गॅस तापला की फुगतो. दाब तोच ठेवला तर १५ अंशांच्या पहाटे एक लिटरमध्ये जेवढा गॅस मावतो, त्यापेक्षा ४० अंशांच्या दुपारी सुमारे ८ टक्के कमी मावतो. नुसते लिटर मोजले तर फसगत होते. हे यंत्र लिटर मोजतच नाही. आत केसासारखी बारीक तापवलेली नळी असते. जाणारा गॅस उष्णता पुढे वाहून नेतो, आणि नळीच्या दोन टोकांच्या तापमानात पडलेल्या फरकावरून किती गॅस गेला ते कळतं. त्याप्रमाणे यंत्र आपला वॉल आपणच कमी-जास्त करतं.

दुसरं, शब्दापेक्षा महत्त्वाचं. तुमच्या ऑपरेटरने वीज बंद केली असती, तर अशा बऱ्याच यंत्रांतला आतला वॉल आपोआप मिटला असता. पण काही यंत्रांत वीज गेली की वॉल उघडा राहतो. आणि मिटणारा असला तरी गळतीच्या वेळी त्याच्या भरवशावर राहत नाहीत, लाइनवर वेगळा हाताचा वॉल असतो. म्हणजे ‘प्रवाह बंद करा’ ही सूचना इंग्रजीतही अपुरीच होती. कुठला वॉल, ते लिहा.

ऐरोलीकर
हे मूळ मजकुरातच नाही, उद्याच विचारते. आणखी एक. गॅस मोजायचं एकक आहे ना, ‘एससीसीएम’, त्यातल्या स्टँडर्डला मी ‘प्रमाण’ केलंय, ‘प्रमाण घन सेंटिमीटर प्रति मिनिट’. चालेल?

घणसोलीकर
‘प्रमाण’ वाचून लोक मिश्रणाचं प्रमाण समजतील. शिवाय ते प्रमाणही एक नाही. कुणी ० अंश सेल्सिअस धरतं, कुणी २०. दोघांत ७ टक्क्यांचा फरक पडतो. कोणतं तापमान धरलंय ते आकड्यात लिहा.

शब्दवेल्हाळ
प्रमाण मराठी कुणाची, हा वाद इथे निघू नये म्हणून गप्प बसतो. ‘विसर्ग’ कसा वाटतो? धरणातून विसर्ग वाढवला, असं दर पावसाळ्यात छापून येतं. जिवंत शब्द आहे.

कळव्याची सिस्टर
विसर्ग म्हणजे बाहेर टाकलेलं. इथे गॅस यंत्रात जातोय.

मला वेगळंच सुचतंय. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ ला, ज्यांनी आयुष्यात फ्लोमीटर (ऑक्सिजन किती जातोय ते दाखवणारी काचेची नळी) पाहिला नव्हता ते नातेवाईक फोनवर विचारायचे, “सिस्टर, बाबा किती लिटरवर आहेत?” मी सांगायचे, “सकाळी दहावर होते, आता सहावर आणलंय.” मिनिटाला सहा लिटर, हे मिनिट कुणी बोलत नव्हतं, पण कुणाचा गैरसमज झाल्याचं मला आठवत नाही. काचेतली गोळी कुठे तरंगते ते बघायचं, गोळीचा मध्य ज्या रेघेवर तो आकडा. सलाईनलाही तसंच. मोठ्या सेटला २० थेंबांचा १ मिली, मायक्रो सेटला ६० थेंबांचा. म्हणून मायक्रो सेटला मिनिटाला जितके थेंब, तितकेच तासाला मिली, हिशोबच नको. आम्ही ‘थेंब कमी कर’ म्हणतो, ‘सोडलंय’, ‘बांधलंय’ म्हणतो. ‘फ्लो’साठी शब्द लागलाच नाही कधी.

ऐरोलीकर
“सहावर आणलंय.” हे वाक्य मी दहा वेळा वाचलं. म्हणजे ‘प्रवाह दर ५० वर निश्चित करा’ऐवजी ‘गॅस ५० वर ठेवा’?

घणसोलीकर
बरोबर. फक्त ‘काटेकोर’ आणि ‘अचूक’ एकमेकांच्या जागी टाकू नका. ५० मागितले आणि दर वेळी ४७च मिळाले, तर यंत्र काटेकोर आहे, अचूक नाही.

गोदाकाठ
सिस्टरांचं वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. मी नेवाशाकडचा, नोकरीमुळे कोपरखैरण्यात. पाण्याला किती सोडायचं, कुठे सोडायचं, यासाठी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या शब्द आहेत. पाट, चारी, पाळी, पाटकरी. पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवायचं म्हणजे ‘बारं मोडायचं’. माझे चुलते रात्री बॅटरी घेऊन बारं द्यायला जायचे. पायाला लागलेल्या गारव्यावरून सांगायचे, वाफा कुठवर भरला.

वागळे इस्टेट
बारं नाही, दारं. ‘दारं धरणे’. माझी सासुरवाडी कराडची, उसाला दारं धरतात. पाण्याला दार उघडायचं, दार लावायचं. चांगला शब्द आहे, वॉलला ‘दार’ म्हटलेलं मला चालेल.

गोदाकाठ
काका, तुमच्याकडे दारं असेल. आमच्याकडे बारंच, आणि ते दारावरून आलेलं नाही. बारी म्हणजे पाळी. ज्याची बारी त्याचं पाणी.

शब्दवेल्हाळ
‘द्वार’पासून एकीकडे ‘दार’ आणि दुसरीकडे ‘बार’ झालं असणार. गुजरातीत दाराला ‘बारणुं’च म्हणतात. दोघांचा शब्द एकच आहे.

गोदाकाठ
मग पाळीचं काय? पाणी पाळीनेच मिळतं.

ऐरोलीकर
सध्या असं केलंय : ‘गळती जाणवली तर यंत्राच्या अलीकडचा लाल मुठीचा वॉल बंद करा. मूठ पाइपला आडवी झाली म्हणजे गॅस बंद.’ ऑपरेटरने वाचलं आणि बरोबर तिथेच हात नेला. मुखपृष्ठावर यंत्राचं नाव काय छापायचं, ते अजून राहिलंय.

कळव्याची सिस्टर
माझी आई धुळ्याची. तिला आत्ताच फोन करून विचारलं. ती ‘बारं’ म्हणते.

वागळे इस्टेट
सासऱ्यांना विचारून सांगतो.