मदत हवी आहे: अंगठी घालून स्कूबा केलं तर चालतं का? (या रविवारी तारकर्ली)

घोडबंदरकर:
शुक्रवारी रात्रीची गाडी आहे, रविवारी सकाळी तारकर्लीला स्कूबा बुक केलंय, मी आणि बायको दोघंही पहिल्यांदाच करतोय. बुकिंगवाल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलंय की दागिने घालून येऊ नका. माझ्या बोटात साखरपुड्याची अंगठी आहे. ऑफिसमधला एक म्हणतो काही होत नाही बिनधास्त जा, दुसरा म्हणतो बोट जाईल. नक्की काय करायचं? ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा, गुगल करून झालंय. प्लीज लवकर.

मीनल_ऐरोली:
अंगठी कसली आहे? सोनं, प्लॅटिनम की ती काळी टंगस्टनची? खडा आहे का? सैल होते की घट्ट? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

दर्यावर्दी:
काढून ठेवा. पाण्यात सोनं चमकतं आणि बॅराकुडासारखा मासा चमकणाऱ्या वस्तूवर झडप घालू शकतो, त्याला ती छोटी मासळी वाटते. सगळे डायव्हर हेच सांगतात.

सोनाराचा_पोर:
दर्यावर्दी, उगाच घाबरवू नका हो, माशापेक्षा अंगठी हरवायची शक्यता कितीतरी जास्त. गार पाण्यात बोटं आकसतात, वर सनस्क्रीन चोपडलेलं असतं, अंगठी कधी निसटली ते कळतही नाही, आणि सोनं जड, थेट तळाला जाऊन वाळूत रुततं. आणि स्विमिंग पूलला जात असाल तर तिथेही नको. क्लोरीन शुद्ध सोन्याला काही करत नाही पण त्यात मिसळलेल्या धातूंना खातं, खडा धरून ठेवणारे काटे आणि झाळलेला सांधा कमकुवत होतो. १८ कॅरेटमध्ये सोनं ७५ टक्केच असतं, त्याला जास्त त्रास.

नौपाड्याचे_काका:
ठाण्याहून तुतारी एक्सप्रेसने जात असाल तर कुडाळला उतरा, मालवणला जायला तिथून एसटी आणि रिक्षा दोन्ही मिळतात. परतीचं तिकीट आत्ताच बघून ठेवा, कोकणच्या गाड्यांना आयत्या वेळी जागा मिळत नाही.

घोडबंदरकर:
काका तिकिटं झालीत. पूलबद्दल मी विचारलेलंच नाही. २२ कॅरेट आहे, खडा नाही, साधी वळ्यासारखी. आणि हरवायचा प्रश्नच येत नाही कारण ती निघतच नाहीये!! म्हणून तर विचारतोय.

मीनल_ऐरोली:
अहो मग हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! लोक हरवेल हरवेल म्हणतायत आणि तुमची तर अडकलीय. बोट सुजलंय का? रंग बदललाय का, मुंग्या येतायत का?

घोडबंदरकर:
नाही, दुखत वगैरे काही नाही. लग्नानंतर वजन वाढलंय, पेराच्या हाडापाशी येऊन अडकते.

कोपरखैरणे_एक्सप्रेस:
घट्ट असेल तर अजिबात उतरू नका, खाली पाण्याचा दाब इतका असतो की अंगठी बोटात रुतेल.

दर्यावर्दी:
असं काही होत नाही. १० मीटरवर दाब दुप्पट होतो हे खरं, पण तो सगळीकडून सारखा असतो, अंगठी त्याने आवळत नाही. दाबाचा त्रास कानाला होतो, त्यासाठी नाक धरून हवा ढकलायला शिकवतील ते नीट शिका. माशाचं मी म्हटलं ते सोडा हवं तर, पण बोटीच्या शिडीचं ऐका. पाण्यातून वर येताना अंगावर वजन असतं, लाटेने बोट वरखाली होते, हाताने शिडी घट्ट पकडलेली असते. शिडीला कुठे बोल्टचं टोक किंवा वेल्डिंगचा कोंब असला आणि अंगठी त्यात अडकली की पाय सुटल्यावर सगळं वजन एका बोटावर येतं, कातडी मोज्यासारखी सोलून निघते. जिमी फॅलन म्हणून अमेरिकेत टीव्हीवाला आहे, तो २०१५ साली घरातल्या घरात घसरला, अंगठी किचनच्या ओट्याला अडकली आणि बोट जवळजवळ तुटलं. तिथे तर ना समुद्र ना लाट.

विहिरीतला_सूर:
आमच्या आजीने गावच्या विहिरीत पोहताना बांगड्या, अंगठी काही काढलं नाही, सोनं आजही तसंच आहे. हल्ली सगळ्याचीच भीती.

सोनाराचा_पोर:
विहिरीत क्लोरीन नव्हतं आणि बोटीची शिडीही नव्हती. घोडबंदरकर, हे करून बघा. सकाळी बोटं सुजलेली असतात, संध्याकाळी करा. हात पाच मिनिटं डोक्याच्या वर धरा, मग गार पाण्यात बुडवा. बारीक मजबूत दोरा किंवा डेंटल फ्लॉस घ्या, एक टोक सुईने किंवा टाचणीच्या मागच्या बाजूने अंगठीखालून तळहाताकडे ओढा. उरलेला दोरा अंगठीला लागूनच बोटावर गुंडाळायला सुरुवात करा, वेढ्याला वेढा चिकटून, हाडाच्या पुढे जाईपर्यंत. वर साबणाचं पाणी लावा. आता तळहाताकडचं टोक बोटाच्या शेंड्याच्या दिशेने हळूहळू सोडवत जा, दोरा सुटेल तशी अंगठी वेढ्यांवरून पुढे सरकते. दोरा जास्त वेळ ठेवू नका, बोट निळं पडलं तर लगेच सोडा. नाहीच निघाली तर जांभळी नाक्याला किंवा तुमच्या नेहमीच्या सोनाराकडे जा, २२ कॅरेट मऊ असतं, छोट्या कटरने कापून देईल आणि नंतर साइज वाढवून झाळून देईल. टंगस्टन असती तर कापताच आली नसती, दाबून फोडावी लागते.

घोडबंदरकर:
कापायची?? साखरपुड्याची आहे हो. बायकोला काय सांगू.

वसईची_सून:
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसईकडचे मराठी ख्रिश्चन, आमच्यात ही अंगठी चर्चमध्ये फादरसमोर घातलेली असते, त्यामुळे काढायला जीव होत नाही हे मला कळतं. माझा नवरा पोहायला जाताना सिलिकॉनची रिंग घालतो, ती जोरात ओढली गेली की तुटून जाते. पण तुम्ही बायकोला विचारलंत का? आमच्याकडे तर मीच काढून ठेव म्हणते.

घोडबंदरकर:
विचारलं. ती म्हणाली साइज वाढवायची होतीच, आधी दोरा बघ. फ्लॉसने अर्धी आली, आणि आता हाडावर आहे, बोट लाल झालंय.

मीनल_ऐरोली:
थांबा. सगळं सोडा, हात वर धरून बसा आणि आज पुन्हा ओढू नका. रात्री सूज आली आणि उतरली नाही तर सोनारापेक्षा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, त्यांच्याकडेही कटर असतो.

नवी_सदस्य_खारघर:
याच धाग्यात विचारते, मंगळसूत्र घालून पोहलं तर चालतं का?

सोनाराचा_पोर:
नको. दोऱ्यात ओवलेलं असेल तर दोरा कुजतो, तारेत असेल तर ओढ बसल्यावर तार तुटते आणि मणी पाण्यात जातात, आणि पोत शिडीला अडकली तर ओढ थेट गळ्याला बसते. घरीच ठेवून जा, बोटीवरच्या बॅगेत नको.