हळदणकरांसारखा दिव्याचा उजेड जलरंगात कसा साधायचा?

प्रश्न: सावंतवाडीचे चित्रकार सा. ल. हळदणकर (१८८२–१९६८) यांच्या 'ग्लो ऑफ होप' या हाती दिवा घेतलेल्या स्त्रीच्या चित्रावरून सराव करतोय. दिव्यामागचा काळोख दरवेळी गढूळ होतो. काय चुकतंय?

उत्तर १: खालचा थर ओला असतानाच वरून ब्रश फिरतोय. ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड) कागद ओला करून फळ्यावर ताणून घ्या. आधी फिकट पिवळ्याचा हात, पूर्ण वाळल्यावर नारिंगी, मग गडद. ट्यूबमधला काळा नको. अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळा. सर्वांत उजळ जागी कोरा कागदच राखा.

उत्तर २: दिव्याआड धरलेला हात जवळून बघा. बोटांच्या कडा तांबूस झळकतात, सगळी जादू तिथेच आहे! तिथला रंग पातळ ठेवा आणि कडा ओलसर ब्रशने आत विरवा.

प्रश्नकर्ता: मूळ चित्र तैलरंगात ना?

उत्तर २: नाही, जलरंगच. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, जमलं तर प्रत्यक्ष बघाच.