लहान गावात शिफ्ट होतोय, तिथे ॲम्ब्युलन्स एक आणि बंबही एकच. कितपत भरवसा ठेवायचा?

नवखा_गडी

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, सांभाळून घ्या.

माझं काम घरूनच चालतं, त्यामुळे आई-बाबांना घेऊन एका लहान गावात कायमचं राहायला जायचं जवळपास ठरलंय. घर बघून झालं, बाबा तर आत्ताच तिथे पोचल्यासारखे वागतायत. बाबा ७१ चे, दोन वर्षांपूर्वी ॲन्जिओप्लास्टी झालीय, आईचे गुडघे गेलेत. आता झालं काय, की घर बघायला गेलो तेव्हा सहज फायर स्टेशनला डोकावलो आणि तिथल्या माणसाने अगदी सरळ सांगितलं की गाडी एक आहे, रात्री ड्युटीला तीन जण असतात, ॲम्ब्युलन्स पण एकच आणि ती कोणाला घेऊन मोठ्या हॉस्पिटलला गेली की परत यायला दीड-दोन तास धरा. तेवढ्यात दुसऱ्या कोणाला गरज लागली तर शेजारच्या शहरातून मागवायची, ती चाळीस मिनिटं. तेव्हापासून माझी झोप उडालीय, बायको म्हणते इतकी माणसं तिथे राहतातच ना, ते पण खरंच आहे, पण त्यांचे बाबा म्हणजे माझे बाबा नाहीत.

तर प्रश्न असा की जाणं वेडेपणा आहे का? आणि जायचंच असेल तर आधी कोणाला काय विचारून घ्यायचं? "देव आहे" वगैरे उत्तरं नकोत प्लीज.

---

रात्रपाळी

इमर्जन्सी कंट्रोल रूममध्ये बरीच वर्षं फोन घेतलेत, म्हणून लिहितो.

ॲम्ब्युलन्स किती लांब आहे हे सगळे विचारतात. तिला तुमचं घर सापडेल का हे कोणी विचारत नाही. एक रात्र अजून डोळ्यासमोर आहे, बाई फोनवर सांगतायत "निळ्या गेटचं घर, निळं गेट", आणि रस्त्यावर दिवे नाहीत, अंधारात निळं काय न् काळं काय, ड्रायव्हर दोनदा घरासमोरून पुढे गेला. मला फोनवर सायरन जवळ येताना ऐकू येत होता आणि परत लांब जाताना. शेवटी घरातला पोरगा मोबाईलची टॉर्च हलवत रस्त्यावर आला तेव्हा गाडी थांबली. चार-पाच मिनिटं नुसती त्यातच गेली.

तर पहिल्या दिवशी घराचा नंबर मोठ्या अक्षरात, चमकणाऱ्या रंगात, रस्त्यावरून दिसेल असा लावा, गेटला वेल असेल तर छाटा. पूर्ण पत्ता आणि जवळची खूण कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवा. हसू नका, घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही, मी रोज ऐकलंय.

आणि लोकांचा एक फार मोठा गैरसमज आहे की "ते प्रश्न विचारत बसतात आणि गाडी पाठवत नाहीत". अहो, तुम्ही ठिकाण आणि झालं काय एवढं सांगितलंत की शेजारी बसलेला माणूस गाडी काढतोय, मी पुढचे प्रश्न विचारतोय ते गाडीतल्या लोकांना कळावं म्हणून आणि तुम्हाला तोवर काय करायचं ते सांगता यावं म्हणून. निदान जिथे नीट ट्रेनिंग आहे तिथे असंच चालतं. म्हणून फोन ठेवू नका, स्पीकरवर टाका आणि खाली ठेवा, दोन्ही हात मोकळे हवेत. गाडी नाही आली म्हणून घरातल्या पाच जणांनी पाच फोन लावले तर लाईनी तुमच्याच अडतात, हे पण.

रेंज कमी असेल तरी इमर्जन्सी नंबर लावून बघाच, कारण तो कॉल तुमच्या कंपनीचा टॉवर नसला तर मिळेल त्या दुसऱ्या नेटवर्कवरून जातो.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेत ९११ नंबरवरचा पहिला कॉल न्यूयॉर्क-बिर्कमध्ये नाही लागला, अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्याशा गावात लागला, १६ फेब्रुवारी १९६८ ला. त्यामुळे लहान गाव म्हणजे मागासलेलंच, असं काही नसतं.

---

वाकडी_वाट

मला एक कळत नाही, शहरात काय ॲम्ब्युलन्स खिडकीखाली उभी असते का? आमच्याकडे शहरात सिग्नलला अडकलेली ॲम्ब्युलन्स रोज बघतो मी. उगाच घाबरवू नका त्यांना.

---

जुना_बंबवाला

@वाकडी_वाट शहरात गाडी अडकते खरी, पण तिच्या मागे दुसरी गाडी असते. लहान गावात मागे कोणी नसतं, फरक हाच आहे. म्हणून "तुमच्याकडे काय आहे" असं विचारू नका, "तुमची गाडी बाहेर असेल तर कोण येतं आणि किती वेळात" असं विचारा. ज्या स्टेशनला याचं उत्तर पटकन देता येतं, म्हणजे अमुक गावाशी आमचं ठरलेलं आहे, मोठी आग दिसली की त्यांना आम्ही वाट न बघता लगेच बोलावतो, ते स्टेशन चांगलं, गाडी जुनी असली तरी चालेल.

दुसरं पाणी. हे लोकांच्या डोक्यात येत नाही. बंबात साधारण दोन ते चार हजार लिटर पाणी असतं आणि एक होज लाईन मिनिटाला चारेकशे लिटर सहज ओतते, हिशोब करा, पाच ते दहा मिनिटांत टाकी खाली. मग पुढे काय? शहरात हायड्रंट (बंबाला पाणी भरायचा रस्त्यावरचा नळ) मिळण्याची आशा तरी असते, लहान गावात बहुतेक वेळा टँकरच्या फेऱ्या नाहीतर विहीर, तळं. तुमच्या घराजवळ पंपाचा सक्शन पाईप टाकता येईल असं पाणी आहे का आणि तिथपर्यंत जड गाडी जाते का (पूल, वळण, खाली लोंबणाऱ्या वायरी) हे एकदा चालत जाऊन बघा. आम्ही एकदा आगीपासून दोनशे मीटरवर थांबलो होतो, समोर आग दिसतेय आणि बोळ गाडीपेक्षा अर्धा हात अरुंद. होज जोडत जोडत गेलो. त्या दोनशे मीटरची शरम अजून जात नाही.

आता तुमच्या हातात काय. पूर्वीच्या लाकडी आणि कापसाच्या सामानाची खोली पूर्ण पेटायला पंचवीस-तीस मिनिटं लागायची, आता सोफ्यात फोम, पडद्यात पॉलिस्टर, त्यामुळे चार-पाच मिनिटांत अख्खी खोली एकदम भडकते. म्हणजे गाडी दहा मिनिटांत आली तरी त्या खोलीसाठी उशीरच झालेला असतो, आम्ही बाकीचं घर वाचवायला येतो. म्हणून स्मोक अलार्म लावा, झोपायच्या खोल्यांच्या बाहेर आणि प्रत्येक मजल्यावर, आणि रात्री झोपताना दारं बंद ठेवा. साधं बंद दार धूर आणि आग बरीच मिनिटं अडवतं. बाहेर पळताना पण दार ओढून घ्या, उघडं टाकलं की आगीला हवा मिळते.

किचनमध्ये तेल पेटलं तर पाणी अजिबात नाही. पाणी तेलाच्या खाली जातं, वाफ होते, वाफेचा आकार पाण्याच्या सतराशे पट, आणि ती पेटतं तेल घेऊन वर उडते. गॅस बंद करा, झाकण सरकवा आणि हात लावू नका, गार होऊ द्या. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साठतो, त्यामुळे वास आला तर दिव्याचं बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, खिडक्या-दारं उघडायची आणि बाहेर.

छोटं एक्स्टिंग्विशर ठेवा पण त्याच्यावर फार विसंबू नका, घरगुती पावडरवालं दहा-पंधरा सेकंदांत संपतं. कचऱ्याची टोपली विझेल. पडदा पेटून छताला आग लागली असेल तर डबा टाका आणि निघा. त्याचा काटा हिरव्यात आहे का ते महिन्याला बघा.

स्वयंसेवक दल आहे का ते पण विचारा. पुष्कळ देशांत लहान गावांचं सगळं त्यांच्यावरच चालतं, जर्मनीत दहा लाखांच्या आसपास माणसं आहेत असं काम करणारी, चिलीत तर राजधानीतले फायरमन पण बिनपगारी. तुम्ही घरूनच काम करता म्हणताय ना, म्हणजे दिवसा गावात असणारा तरणा माणूस. अशांचाच तुटवडा असतो, बाकीचे सगळे कामाला बाहेर जातात. जाऊन नाव द्या 🙂

---

आयसीयूतली_ताई

वरचं सगळं बरोबर पण बाबांसाठी मुद्दा वेगळा आहे.

हृदय बंद पडलं, म्हणजे कार्डिॲक अरेस्ट (हार्ट अटॅक आणि हे एकच नाही, अटॅकमध्ये माणूस बोलत असतो, अरेस्टमध्ये कोसळतो) तर छाती दाबल्याशिवाय आणि शॉकशिवाय जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचायची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. आता तुम्हीच सांगा, चाळीस मिनिटांची ॲम्ब्युलन्स सोडा, दहा मिनिटांची तरी कुठे पुरते? बाबांचा जीव त्या वेळी घरात जो असेल त्याच्या हातात असतो, शहरात पण आणि गावात पण. दाबणारा माणूस घरात हवा, आणि तो माणूस फक्त तुम्ही असून चालणार नाही, बायको पण शिकू दे, आई पण. गुडघे दुखत असतील तरी स्पीकरवर फोन लावणं आणि दार उघडून दिवा लावणं आईला जमेल.

शिकताना एक गोष्ट विचारून घ्याच. कोसळल्यावर पहिल्या काही मिनिटांत माणूस कधी कधी घोरल्यासारखे आचके देतो, मासा पाण्याबाहेर तोंड उघडतो ना तसं. घरच्यांना वाटतं श्वास चालू आहे आणि सगळे थांबून बघत बसतात. तो श्वास नाही. हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढं दिसलं की फोन आणि लगेच छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची. दोन मिनिटांनी माणूस बदला, तुम्हाला वाटेल मी दमलो नाही पण दाबायची खोली कमी झालेली असते. बरगडी मोडल्याचा आवाज येऊ शकतो. थांबू नका.

आणि कुठे न्यायचं ते आज ठरवा. लकवा मारल्याची शंका असेल, म्हणजे तोंड वाकडं, एक हात खाली पडतोय, बोलणं जड, तर सगळ्यात जवळचा दवाखाना हा बरोबर दवाखाना असेलच असं नाही. सीटी स्कॅन नाही तिथे तास फुकट जातो, गुठळी विरघळवायचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. शेवटचे नॉर्मल कधी दिसले ती वेळ लिहून ठेवा, डॉक्टर पहिलं तेच विचारतील. अशा वेळी घरात पडलेली ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने देऊ नका, मेंदूत रक्तस्राव असेल तर उलटं होईल.

बाबांच्या गोळ्यांची यादी आणि शेवटचा ईसीजी एका प्लॅस्टिकच्या पिशवीत, दाराजवळ. आमच्याकडे लोक "ती पांढरी छोटी गोळी" सांगतात. सगळ्याच पांढऱ्या छोट्या असतात हो.

---

टिकटिक

एईडी मशीन (हृदयाला शॉक देणारं) घरी घ्यावं का मग? चुकून शॉक बसला तर??

---

आयसीयूतली_ताई

@टिकटिक चुकून बसत नाही. पॅड लावले की मशीन स्वतः ठोके तपासतं, गरज नसेल तर बटण दाबून पण शॉक देत नाही, आणि काय करायचं ते बोलून सांगतं. घरी घ्यायच्या आधी गावात कुठे आहे ते शोधा. आणि ते रात्री मिळतं का ते बघा, कुलपात असलेलं मशीन रात्री दोनला भिंतीवरच्या फोटोसारखंच.

---

नवखा_गडी

सगळ्यांचे आभार, खरंच. दोन आठवड्यांनी अपडेट देतोय.

परत जाऊन आलो. फायर स्टेशनला "तुमची गाडी बाहेर असेल तर कोण" विचारलं तर त्या माणसाने भिंतीवरचा कागदच दाखवला, दोन शेजारच्या गावांची नावं, फोन, लागणारा वेळ. जीव जरा भांड्यात पडला. बोळ टेपने मोजला, गाडी जाते, पण कोपऱ्यावर कोणी चारचाकी लावली तर नाही जाणार, त्याबद्दल शेजाऱ्यांशी बोलायला लागेल, ओळख व्हायच्या आधीच भांडण नको म्हणून थांबलोय. एईडी गावात एक आहे. ताई म्हणाल्या तेच, शाळेच्या ऑफिसात, संध्याकाळी पाचनंतर कुलूप. बाहेरच्या भिंतीवर पेटीत लावता येईल का म्हणून विचारलं तर "चोरीला जाईल" म्हणाले.

घरी सीपीआरचा, म्हणजे छाती दाबायचा क्लास तिघांनी केला. आईने खुर्चीत बसून फोनचं काम पाठ केलं, पत्ता आमच्यापेक्षा पटकन सांगते. प्रॅक्टिसला बाबाच पुढे होऊन आडवे पडले, तर शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना हाताला धरून उठवलं, जिवंत माणसावर करत नाहीत आजोबा, पुतळा आणलाय मी. तेव्हापासून रुसलेत.

एक राहिलंच, त्या शाळेच्या कुलपाबद्दल कोणाचा अनुभव आहे का, बाहेर लावायला कसं पटवलंत?

---

जुना_बंबवाला

चोरीचं सगळेच म्हणतात. आमच्याकडे पेटीला अलार्म लावला, दार उघडलं की वाजतो, आणि समोर राहणाऱ्या दोन घरांना सांगून ठेवलं. मुख्याध्यापकांना एकट्यांना भेटू नका, स्टेशनचा माणूस बरोबर न्या. आणि बॅटरी-पॅडची तारीख कोण बघणार ते त्याच दिवशी नावानिशी लिहून घ्या, नाहीतर तीन वर्षांनी पेटी उघडी असेल आणि मशीन मेलेलं.

---

नवखा_गडी

लिहून घेतो. तारखेचं काम बाबांना देतो, रुसवा तरी जाईल.